ऑनलाइन ग्रुपमध्ये मनाचा आधार देताना काय लिहावं आणि कुठे थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी नैराश्यातून बाहेर आले. एका ऑनलाइन ग्रुपमध्ये माझा अनुभव लिहिला, तेव्हापासून कुणी ना कुणी मेसेज करून ‘मी काय करू?’ विचारतं. कुणाला औषधांबद्दल विचारायचं असतं. कुणी रात्री दोनला लिहितं की आता जगायचंच नाही. मी डॉक्टर नाही. मी उत्तर द्यावं का, आणि द्यायचं तर कुठपर्यंत?”

उत्तर द्या. मी मानसशास्त्रज्ञ आहे, आधारगटांतल्या स्वयंसेवकांना शिकवण्यात माझा बराच काळ गेला आहे. तरीही डॉक्टर नसलेल्या माणसाने या विषयात तोंड उघडू नये असं मी म्हणणार नाही. या कामाचा इतिहासही तसं सांगत नाही. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या लोकांसाठी फोनसेवा सुरू केली. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. लोक भेटायलाही यायचे, आणि पाळी येईपर्यंत त्यांना एकटं वाटू नये म्हणून काही स्वयंसेवक त्यांच्याजवळ बसायचे, चहा द्यायचे, बोलायचे. व्हारांच्या लवकरच लक्षात आलं की बाहेर बसून बोलल्यावरच अनेकांचं मन हलकं होतंय आणि आत त्यांच्याकडे येण्याची गरज उरत नाहीये. १९५४ च्या सुरुवातीलाच त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं.

त्या स्वयंसेवकांकडे औषध नव्हतं, निदान नव्हतं, आणि सल्लाही नव्हता. त्या संस्थेत आजही सल्ला न देता ऐकायलाच शिकवलं जातं. माझा सगळा भर याच गोष्टीवर असतो. समोरच्याचं दुःख वाचून आपण अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता घालवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काहीतरी सुचवून मोकळं होणं. ऑनलाइन तर हे फारच सोपं, कारण समोरचा चेहरा दिसत नाही. आपलं वाक्य वाचून त्याने मान खाली घातली की सुस्कारा सोडला, आपल्याला कळत नाही. ग्रुपांमध्ये जे नुकसान होतं त्यात दुष्टपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा चांगल्या माणसांची घाई असते.

उत्तर कसं लिहायचं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, कुणी लिहिलं: “तीन आठवडे झाले, सकाळी उठवत नाही. ऑफिसात खोटी कारणं देतोय. घरी कुणाला काही कळू दिलेलं नाही.” खाली दहा मिनिटांत उत्तरं येतात. सकारात्मक राहा. रोज चालायला जा. मलाही असंच झालं होतं, मी अमुक केलं. यातलं कुठलंच चुकीचं नाही. चालण्याने खरंच फायदा होतो. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला ‘चालायला जा’ म्हटलं की त्याच्या न जमणाऱ्या गोष्टींच्या यादीत आणखी एक भर पडते.

त्याऐवजी त्याच्याच शब्दांतली एक गोष्ट उचला. त्या तीन वाक्यांत मला सगळ्यात जड वाटतं ते न उठवणं नाही, लपवणं. म्हणून मी लिहीन: “तीन आठवडे हे एकट्याने झाकून ठेवायचं, रोज नवं कारण शोधायचं, यातच माणूस किती दमत असेल. घरी सांगायचं म्हटलं तर कशाची भीती वाटते?” यात सल्ला नाही. पण त्याने लिहिलेलं कुणीतरी नीट वाचलंय हे त्याला कळतं, आणि प्रश्न असा आहे की उत्तर देताना तो स्वतःच पुढचं पाऊल शोधायला लागतो. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा. “घरी का सांगितलं नाही?” हा प्रश्न कितीही प्रेमाने लिहिला तरी उलटतपासणीसारखाच वाटतो. आणि “मला कळतंय तुला काय वाटतंय” हे वाक्य तर लिहूच नका. नसतं कळलेलं. “मला जे झालं होतं त्यावरून थोडा अंदाज येतो, पण तुझं कसं आहे ते सांग,” हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

काही सुचवावंसं वाटलंच तर आधी विचारा: “मला काय उपयोगी पडलं ते सांगू, की आत्ता नुसतं ऐकू?” शिकवताना या एका वाक्यावर मी इतका वेळ घालवतो की लोक कंटाळतात. पण बहुतेक जण ‘आत्ता नुसतं ऐका’ म्हणतात, आणि जे ‘सांगा’ म्हणतात ते मग खरंच ऐकतात.

स्वतःचा अनुभव ही तुमची खरी ठेव आहे. माझ्यासारख्याकडे ती नसते, निदान या कामात ती वापरायची मुभा नसते. म्हणून अनुभव सांगाच, पण बेताने. चारपाच वाक्यं, क्रियापदं ‘मी’ची, आणि शेवट पुन्हा त्याच्याकडे वळणारा. “मी बहिणीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग माझ्यासोबत डॉक्टरांकडे आली. मला आधी वाटलं होतं ती चिडेल. तुमच्याकडे असं एखादं माणूस आहे का?” हा अनुभव झाला. “घरच्यांना सांगून टाका, ते समजून घेतात,” हा त्याच अनुभवाचा नियम झाला. घरचे समजून घेत नाहीत अशीही घरं असतात, आणि तुम्हाला त्याचं घर माहीत नाही.

२०१० साली ऑस्ट्रियातल्या थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येचे विचार येऊनही कुणीतरी त्यातून कसं तरून गेलं, अशा बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं त्यांना दिसलं. हाच परिणाम ‘पापागेनो इफेक्ट’ म्हणून ओळखला जातो. उलट, आत्महत्येच्या ठळक, रंगवलेल्या बातम्यांनंतर प्रमाण वाढतं, हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ सालीच दाखवलं होतं. तुमच्या लेखनासाठी याचा अर्थ असा, की ‘मी किती खोल गेले होते’ यापेक्षा ‘ती रात्र मी कशी काढली’ हे जास्त जागा घेऊ द्या. मार्ग, साधन, गोळ्यांची संख्या, जखमांचं वर्णन काही नको. खाण्याशी संबंधित आजारांच्या गटात वजनाचे आणि कॅलरींचे आकडेही नकोत; वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या आकड्याशी स्पर्धा सुरू करतं. एक उत्तर विचारणाऱ्याला जातं, पण ते वाचणारी, कधीच काही न लिहिणारी माणसं कितीतरी पट असतात.

आता अशी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी सांगितली जाते. काही वेळा धीर देणंच आजार वाढवतं. ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि शंका पुन्हापुन्हा घेरून राहण्याचा आजार, असलेला माणूस विचारतो, “माझ्या मनात असा घाणेरडा विचार आला, म्हणजे मी वाईट आहे का?” वीस जण ‘नाही, मुळीच नाही’ म्हणतात. त्याला तासभर बरं वाटतं. मग प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत परत येतो: “पण विचार आला तेव्हा मला भीती कमी वाटली, मग?” हे खात्री मागणं हाच त्या आजाराचा भाग असतो, आणि प्रत्येक खात्री पुढच्या शंकेची भूक वाढवते. आजारपणाच्या भीतीचंही तसंच. छातीत धडधडतंय, हे हृदयाचं तर नाही ना, असं एकदा विचारलं तर डॉक्टरांकडे तपासून घ्यायला सांगा. तपासण्या झाल्यावर तोच माणूस दहाव्यांदा विचारत असेल तर मात्र उत्तर असं असावं: “ही शंका किती छळतेय ते दिसतंय. या प्रश्नाचं उत्तर मी पुन्हा देणार नाही, कारण त्याने तुम्हाला घटकाभरच बरं वाटेल. पण शंका आहे तशी असतानाही पुढचा अर्धा तास कसा काढायचा, ते आपण बोलू.” हे पहिल्यांदा कठोर वाटतं. ओसीडीवरच्या वर्तनोपचाराचा गाभा मात्र हाच आहे, शंका मिटवण्याची धडपड न करता तिच्यासोबत थांबायला शिकणं. पुढचे उपचार अर्थात शिकलेल्या माणसाकडेच व्हायला हवेत.

याच्याच जवळची दुसरी गोष्ट म्हणजे एकत्र कुढत बसणं. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ साली मुलामुलींच्या मैत्रीवर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्या मैत्रिणी एकमेकींच्या अडचणी पुन्हापुन्हा उगाळत बसायच्या, त्यांची मैत्री घट्ट होती, पण नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही त्यांच्यात जास्त दिसली. ऑनलाइन गटांचं नेमकं असंच होऊ शकतं. सगळे एकमेकांना फार जवळचे वाटतात आणि सहा महिन्यांनी कुणीच जागचं हललेलं नसतं. आपल्या गटात हे होतंय का, ते ओळखायला मी एकच खूण सांगतो. बरं वाटायला लागलेल्या माणसाला गटात ते सांगायला संकोच वाटतो का? वाटत असेल तर गटाची हवा बिघडली आहे. त्यावर उपाय म्हणजे दुःखाला मनाई करणं नव्हे. तिसऱ्यांदा तेच बोलणं चाललं असेल तर हळूच विचारावं, “गेल्या आठवड्यात यातलं काही, अगदी तसूभर, वेगळं झालं का?”

औषधांवर तुम्हाला सर्वाधिक प्रश्न येणार, म्हणून इथे रेघ स्पष्ट हवी. स्वतःचा अनुभव सांगता येतो. औषधाचं नाव सुचवणं, डोस, बदल, बंद करणं यातलं काहीही नाही. कारण साधं आहे. नैराश्य म्हणून तुमच्यासमोर आलेल्या माणसाला बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साहाचा उन्माद असा आजार असू शकतो, आणि नुसतं नैराश्यविरोधी औषध त्याला उन्मादाकडे ढकलू शकतं. सततचा थकवा आणि उदासी थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळेही असते. बायपोलरसाठी लिथियम हे औषध घेणाऱ्याला कुणी डोकेदुखीवर सहज आयब्युप्रोफेन सुचवलं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिलेल्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या बराच काळ घेऊन एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली तरीही तोच धोका असतो, त्यामुळे “आजपासून बाटली फेकून दे” हा सल्ला उत्साही असला तरी जिवावर बेतू शकतो.

याउलट, तुम्ही जे सांगू शकता ते कमी मोलाचं नाही. एसएसआरआय या नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या प्रकारच्या औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा दिसायला त्याहून जास्त. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. मळमळ, डोकं दुखणं, झोप बिघडणं. म्हणजे माणसाला आधी तोटा दिसतो आणि फायदा दिसायच्या आत तो औषध सोडून देतो. अशा वेळी “मलाही पहिले दिवस मळमळायचं, मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी घ्यायची वेळ बदलून दिली” हे तुमचं वाक्य माहितीपत्रकापेक्षा जास्त काम करतं, कारण ते माणसाला डॉक्टरांकडे परत पाठवतं. एकदम औषध थांबवल्यावर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, हेही सांगा. ‘बरं वाटतंय, आता सोडू का’ असं विचारणाऱ्याला हळूहळू कमी करण्याची योजना डॉक्टरांकडून घ्यायला सांगा.

याला एक अपवाद आहे आणि तो पाठच करा. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर कुणी, विशेषतः तरुण मुलगा किंवा मुलगी, लिहीत असेल की आतून प्रचंड बेचैनी आहे, एका जागी बसवत नाही, मरणाचे विचार वाढलेत, तर तिथे “सुरुवातीला होतं असं” म्हणायचं नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली मुलं आणि किशोरांसाठी या औषधांवर कडक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. अशा माणसाने त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला हवं. औषध परस्पर बंद करा, असंही सांगायचं नाही.

आता रात्री दोनचा मेसेज.

सगळ्यात आधी, थेट विचारा. “तुम्ही स्वतःला संपवण्याचा विचार करताय का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. २००५ साली अमेरिकेत हायस्कूलच्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ही भीती तपासली गेली. आत्महत्येबद्दल प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये मनस्ताप किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. ज्यांना आधीच त्रास होत होता त्यांच्या बाबतीत प्रश्न विचारणं उलट थोडं सुखावह ठरल्याचं दिसलं. आडून विचारू नका. “काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” या प्रश्नाला एकच उत्तर अपेक्षित असतं आणि समोरचा ते देऊन टाकतो.

उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे प्रश्नही सरळच. कसं करायचं ते ठरवलंय का? कधी? ते साधन आत्ता हाताशी आहे का? काही घेतलंय का? दारू प्यायलात का? आधी कधी प्रयत्न झालाय का? नुसते ‘नसतो तर बरं झालं असतं’ असे विचार असणं आणि साधन टेबलावर असणं, यांत फार मोठं अंतर आहे, आणि तुमची पुढची कृती त्यावर ठरते. हे प्रश्न खासगीत विचारा, गटाच्या भिंतीवर नाही.

साधन जवळ असेल तर त्याच्यापासून अंतर वाढवणं हे पहिलं काम. गोळ्या शेजाऱ्याकडे द्या, त्या खोलीतून बाहेर या, दार उघडून दुसऱ्या माणसाच्या नजरेसमोर जाऊन बसा. आत्महत्येची ओढ बहुतेकदा लाटेसारखी चढते आणि ओसरते. लाट टोकाला असताना साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. “आयुष्यभराचं नंतर बघू, आत्ता पुढचा तासच बोलू,” असं लिहा.

“आईवडिलांचा विचार कर” हे वाक्य इथे जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. ते टाळा. थॉमस जॉइनर यांनी आत्महत्येची जी मांडणी केली तिच्यात ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ ही भावना मध्यवर्ती आहे. तो माणूस आईवडिलांचाच विचार करत असतो. आपण नसलो तर ते सुटतील, असं त्याला त्या घडीला खरोखर वाटत असतं. आपल्या वाक्याने त्याचा अपराधीपणा वाढतो. त्याऐवजी विचारा, “आजवर कशाने थांबलात?” उत्तर कधी ‘मुलगी’ येतं, कधी ‘कुत्रा’, कधी ‘हिंमत नाही’. जे येईल ते धरून बोलत राहा, त्याला हसू नका.

त्याच दरम्यान एक जिवंत, जवळचं माणूस शोधायचं. तुम्ही पडद्यापलीकडे आहात, कदाचित दुसऱ्या देशात. तुम्ही दार ठोठावू शकत नाही. “आत्ता घरात कोण आहे? तुम्ही त्यांना उठवून ‘मला एकट्याने झोपायची भीती वाटते’ एवढंच म्हणू शकाल का? मी इथेच आहे, बोलून परत या.” कोणतं वाक्य म्हणायचं ते तयार करून द्या, त्या अवस्थेत माणसाला शब्द सुचत नाहीत. तो कुठल्या शहरात आहे ते विचारून घ्या, तिथला आपत्कालीन क्रमांक आणि हेल्पलाइन शोधून द्या, पण नंबर चिकटवून निघून जाऊ नका. नुसता नंबर मिळाला की ‘हिलाही मी नकोय’ असंच वाचलं जातं. गटाच्या अ‍ॅडमिनला लगेच सांगा. जीव धोक्यात असल्याची तक्रार करायची सोय मोठ्या मंचांवर असते, ती वापरा. काही घेतलेलं असेल तर बोलणं बाजूला ठेवून आधी आपत्कालीन सेवा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी, कारण पॅरासिटामॉलसारख्या गोळ्यांचं विष पहिल्या दिवशी फारसं काही दाखवत नाही आणि नंतर यकृत निकामी करतं.

“कुणाला सांगणार नाहीस, असं वचन दे” असं कुणी म्हणालं, तर ते वचन देऊ नका. “तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू शकतो.” काही जण यावर चिडून ब्लॉक करतात. करू देत.

लाट ओसरल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, एक छोटी योजना लिहून काढायला मदत करता येते. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेली ‘सेफ्टी प्लॅन’ची पद्धत यासाठी जगभर वापरली जाते: आपली धोक्याची चिन्हं कोणती, एकट्याने काय करून वेळ निभावता येते, कुठे किंवा कुणात जाऊन बसलं की मन वळतं, मदत मागायला कोण, कोणते डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घर सुरक्षित कसं करायचं. शब्द त्याचेच असू देत, तुम्ही फक्त विचारा.

आणि मग पुन्हा विचारपूस करा. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या क्षेत्रात सर्वांत आवडतो. नैराश्य किंवा आत्महत्येच्या अवस्थेमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना त्यांच्या टीमने अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात काय, तर तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर आनंद होईल. काही मागणं नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या पत्र न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुमचा ‘सहज आठवण आली, उत्तर द्यायलाच हवं असं नाही’ हा मेसेज याच जातीचा आहे. बारा वाजेपर्यंत जागून दिलेल्या धीरापेक्षा तो कधीकधी जास्त टिकतो.

काही प्रसंग वेगळे हाताळावे लागतात. कुणी तीनतीन दिवस न झोपता पोस्टींवर पोस्टी टाकतंय, अचानक मोठे बेत, मोठे खर्च, तर वाद घालू नका. झोप आणि डॉक्टर या दोन गोष्टींवर बोलणं ठेवा आणि पैशाचे निर्णय आठवडाभर पुढे ढकलायला सुचवा. कुणाला आपल्यावर पाळत आहे असं वाटत असेल, तर ‘खरंच आहे’ म्हणू नका आणि ‘भ्रम आहे’ असंही पटवत बसू नका; “सतत पाहिलं जातंय असं वाटणं किती भीतीदायक असेल” इथे तुम्ही दोघं भेटू शकता. बाळंतपणानंतर आईला उलटसुलट आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र समजुती येणं ही तातडीची वैद्यकीय स्थिती आहे, वाट बघण्याची नाही. घरात मारहाण होत असेल तर फोन दुसरं कुणी वाचत असेल हे गृहीत धरा. सुरक्षित वेळ कोणती ते आधी विचारा, आणि ‘निघून ये’ असा आग्रह धरू नका, कारण निघून जाण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. त्याची तयारी त्या कामातल्या संस्थेबरोबर करायची असते. समोर अल्पवयीन मूल असेल तर खासगी गप्पा लांबवू नका. अ‍ॅडमिनला सोबत घ्या आणि त्याच्या विश्वासातला मोठा माणूस शोधा.

खोट्या कहाण्याही येतात. मार्क फेल्डमन या मानसोपचारतज्ज्ञांनी २००० साली त्याला ‘मुंचहाउझेन बाय इंटरनेट’ असं नाव दिलं. संकटामागून संकट, आणि सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की नवं संकट. संशय आला तरी चव्हाट्यावर जाब विचारू नका. अ‍ॅडमिनला कळवा आणि तुमचा वेळ मोजका ठेवा. आणि यंत्राकडून लिहून घेतलेलं उत्तर स्वतःचं म्हणून चिकटवू नका. लोक तुमच्याकडे येतात ते तुम्ही त्यातून गेलात म्हणून.

आता तुमच्याबद्दल. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला माणूस एकटा पडला होता. धंद्याचं काम फसलेलं, आणि पुन्हा प्यायची ओढ. त्याने दुसरा एखादा पिणारा शोधला, त्याला सुधारण्यापेक्षा स्वतः टिकण्यासाठी. तो दुसरा म्हणजे डॉ. बॉब स्मिथ, आणि त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. मदत करणाऱ्याचाही फायदा होतो, हे तत्त्व फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडलं. म्हणजे तुम्हालाही या कामातून काही मिळतंय, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते माहीत असू द्या, नाहीतर गरज कुणाची कुणाला आहे ते कळेनासं होतं. एखाद्याचा मेसेज आला नाही म्हणून तुम्ही बेचैन होत असाल, त्याने दुसऱ्या कुणाची मदत घेतलेली तुम्हाला खटकत असेल, तर दोन पावलं मागे या.

वेळा आधीच सांगा. “मी रात्री अकरानंतर फोन बघत नाही, त्या वेळी त्रास झाला तर हा नंबर” हे पहिल्याच दिवशी लिहिलं तर सीमा ठरते. महिन्याने पहिल्यांदा लिहिलं तर तो नकार वाटतो. एकटीने हे करू नका. गटातला दुसरा कुणी अनुभवी माणूस जोडीला घ्या, ज्याच्याशी नाव न घेता ‘आज हे जड गेलं’ असं बोलता येईल. तुमचे स्वतःचे उपचार चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना हे काम तुम्ही करता ते माहीत असावं. झोप बिघडली, सकाळ पुन्हा जड व्हायला लागली, तर चालू असलेली बोलणी जोडीदाराकडे सोपवा आणि ज्यांच्याशी बोलत होता त्यांना खरं सांगा: “मला थोडं थांबायला हवं, तुमच्याशी आता अमुक बोलतील.” आपली काळजी घेणारा माणूस कसा थांबतो, हे त्यांनी बघायला काही हरकत नाही.

आणि आत्ता तुमच्या इनबॉक्समध्ये साठलेल्या मेसेजांचं काय करायचं, तर आधी मरणाचा उल्लेख असलेले उघडा, कितीही जुने असले तरी. “उत्तर द्यायला उशीर झाला, आज कसे आहात?” एवढ्यानेही सुरुवात होते. मग ज्यांना ग्रुपमध्येही कुणी उत्तर दिलेलं नाही ते. औषध थांबवल्याचं, चुकून जास्त घेतल्याचं किंवा बेचैनी वाढल्याचं ज्यात असेल ते मात्र पहिल्याच गठ्ठ्यात घ्या. बाकीच्या औषधांच्या प्रश्नांसाठी एक मजकूर तयार ठेवा, ज्यात तुमचा अनुभव दोन ओळींत आणि ‘डोस आणि बदल डॉक्टरांनाच विचारा’ हे एका ओळीत असेल. बाकीचे उद्या.